पनवेलला ठेवलेलं बियाणं

चोवीस वर्षं कमरुद्दीन कुवेतला आणि त्याची बायको सफूरा पनवेलला, असा त्यांचा संसार झाला. दर दोन वर्षांनी तो दोन महिने यायचा, बॅगा उघडायचा, घरभर अत्तराचा आणि साबणाचा वास पसरायचा, आणि तो वास विरायच्या आत स्वारी परत विमानात असायची. शेवटी साठी गाठल्यावर तो कायमचा आला. आता दोघांनी मिळून म्हातारं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण माणूस ठरवतो एक आणि बायको ठरवते दुसरं. तो आल्याला दीड वर्षही झालं नसेल, तोच सफूरा माहेरी निघून गेली. रुसून नाही की भांडून नाही. शेती करायला गेली, आणि तीही समुद्रात.

सफूराचं माहेर कोंडबंदर, श्रीवर्धनच्या अलीकडे खाडीच्या तोंडावर वसलेलं गाव. भाचीच्या लग्नाला म्हणून ती आठ दिवसांसाठी गेली होती. तिथे तिची भावजय जास्मीन आणि कोळीवाड्यातली मनिषा, या दोघींनी सतरा बायकांचा गट जमवला होता आणि समुद्री शेवाळ लावायचं तीन दिवसांचं शिक्षण घेतलं होतं. बांबूचा तराफा बांधायचा, त्यावर दोर ताणायचे, दोराला शेवाळाचे मूठ मूठ तुकडे बांधायचे आणि तराफा पाण्यात नांगरून ठेवायचा. नांगरणी नाही, फवारणी नाही, पाणी पाजायचा तर प्रश्नच नाही. दीड महिन्यात एका मुठीच्या चार-पाच मुठी होतात. एक परत दोराला बांधायची, बाकीच्या वाळवून विकायच्या. त्यातला चिकट अर्क आइस्क्रीममध्ये जातो, टूथपेस्टमध्ये जातो, आणि रस काढून पिकांवर मारतात. सफूराने गंमत म्हणून एक दोर बांधून बघितला. लहानपणी तिने बापाची जाळी विणली होती, बोटांना गाठी आठवत होत्या. नवरी सासरी गेली, वऱ्हाड पांगलं, आणि सफूरा तिथेच राहिली.

"अवो, या दर्यानं मला इतक्या वर्सांनी वळखलं," असं ती फोनवर सांगायची.

"मी पण वळखतो की तुला," कमरुद्दीन म्हणायचा.

ती हसायची आणि ओहोटीची वेळ झाली म्हणून फोन ठेवायची. फोन ठेवल्यावर कमरुद्दीन बराच वेळ तो हातातच धरून बसायचा. न्यायाने बघायला गेलं तर त्याला तक्रारीला तोंड नव्हतं. चोवीस वर्षं जिने वाट बघितली, तिने दोन-चार वर्षं बघायला लावली तर कुठल्या तोंडाने बोलणार? पण आठवण न्याय बघून येत नाही. ती संध्याकाळच्या चहाला येते, दोन कप काढले जातात, आणि मग एक परत ठेवावा लागतो.

गेल्या वर्षी जानेवारीत तो आठ दिवस कोंडबंदरला राहूनही आला. कमरेएवढ्या पाण्यात उतरला तर पायात गोळे आले. दोर बांधायला बसला तर त्याच्या गाठी मनिषाने हसत हसत सोडवल्या आणि पुन्हा बांधल्या. जेवताना मात्र सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या ताटात पडायचा, बसायला खुर्ची मिळायची. कमरुद्दीनला हा पाहुणचार चांगला ओळखीचा होता. पनवेलच्या स्वतःच्या घरातही त्याला चोवीस वर्षं असाच मोठा तुकडा मिळत आला होता. नवव्या दिवशी तो मुकाट्याने एसटीत बसला.

पनवेलात त्याचं मत्स्यालयाचं दुकान होतं. आखातातून परतलेली माणसं मोबाइलची दुकानं काढतात, नाहीतर गावाबाहेर विचुंब्याकडे जागा बघतात. याने माशांच्या काचेच्या टाक्या मांडल्या. कुवेतला तो एका मोठ्या हॉटेलातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळायचा. वाळवंटात बसून समुद्र राखायचा, अशी नोकरी. खारट किती, ऊब किती, हवा किती, हे त्याला नाडीच्या ठोक्यासारखं कळायचं. पनवेलात मात्र गिऱ्हाईक सोनमाशांचं. खाऱ्या पाण्याचं सामान दुकानाच्या मागच्या खोलीत धूळ खात पडलं होतं.

आणि मग गेल्या पावसाळ्यात कोंडबंदरच्या गटाचं सगळं बियाणं गेलं.

या शेवाळाला बी येत नाही. तुकडा हेच त्याचं बियाणं. भाताचं बी कणगीत ठेवता येतं, हे ठेवायचं तर जिवंतच ठेवावं लागतं, आणि तेही खाऱ्या पाण्यात. पावसाचं पाणी खाडीतून लोटलं की समुद्राच्या तोंडाशी गोडं पाणी साचतं, आणि गोडं पाणी म्हणजे या रोपाला विष. गटातल्या बायकांनी दोर ओढून काढले तेव्हा हाताला पांढरा चिकट लगदा लागला. मग नवं बियाणं तमिळनाडूहून ट्रकने आणवावं लागलं, त्यातलंही निम्मं वाटेतच कुजलं. जास्मीनने साफ सांगून टाकलं होतं की यंदा पुन्हा बियाणं मेलं तर गट मोडणार. सहा जणी आताच काजूच्या कारखान्याची चौकशी करत होत्या.

तेव्हा सफूराला नवरा आठवला. म्हणजे नवऱ्याची मागची खोली आठवली. पण कमरुद्दीनने असला बारीक फरक काढला नाही.

मे महिन्याच्या शेवटी कोंडबंदरच्या गणूच्या टेम्पोतून दोन निळी पिंपं आणि त्यांच्या शेजारी पिंपांना हात लावून बसलेली सफूरा, अशी वरात दुकानाशी उतरली. कमरुद्दीनने मागच्या खोलीत मोठी टाकी बसवून घेतली होती. वर दिवे, खाली हवेच्या नळ्या, कोपऱ्यात उरणहून आणलेल्या समुद्राच्या पाण्याचे कॅन. सफूराने एकेक तुकडा पाण्यात सोडला. तपकिरी, बोटभर जाड, रबरासारखं लवलवणारं रोप. ते तरंगलं, वळलं आणि दिव्याखाली स्थिर झालं. सफूराने सुस्कारा टाकला आणि मग पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं.

"बारीक झालात," ती म्हणाली.

तो पावसाळा कमरुद्दीनच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा पावसाळा होता. दुपारच्या नमाजनंतर सफूरा डबा घेऊन दुकानात यायची. दोघं टाकीशेजारी स्टुलावर बसून जेवायची. मग ती बाह्या सारून वाढलेले तुकडे कापायची, खराब टोकं खुडून टाकायची आणि बोलत राहायची. चोवीस वर्षांचं बोलणं साठलं होतं म्हणतात ना, तसं काही नव्हतं; ती सगळं पुढचंच बोलायची. "बगा तुमी, धा वर्सांत आख्ख्या किनाऱ्याला दोर लागतील. आमच्या पोरींना गाव सोडून जावं लागायचं नाय. आमी आमचंच बी तयार करू, तमिळनाडूला कोन विचारतो." कमरुद्दीन मान डोलवायचा. त्याला दहा वर्षांचं काही पडलं नव्हतं. त्याच्या मनात ऑक्टोबर होता. ऑक्टोबरात पाणी पुन्हा खारं होणार, तराफे लागणार, आणि टाकी रिकामी होणार.

विचुंब्याचे कृष्णकांत नावाचे एक निवृत्त गृहस्थ माशांचं खाद्य न्यायला यायचे. त्यांनी एकदा आत डोकावून विचारलं, "अहो कमरुद्दीनभाई, टाकीत मासा एकही नाही आणि लाइट मात्र दिवसभर चालू! हे काय पोसताय तुम्ही?"

"सासुरवाडीची अमानत आहे," कमरुद्दीन म्हणाला, "आली तशी परत करायचीय."

हे म्हणताना त्याला हसू आलं, आणि ते गृहस्थ गेल्यावर ते हसू गेलं.

टाकीला सफूरा त्याला हात लावू देत नसे. त्याचे हात दिवसभर सोनमाशांच्या गोड्या पाण्यात. गेल्या साली गोड्या पाण्याने दिलेला दणका ती विसरली नव्हती. स्वतः नमाजासाठी हातपाय धुऊन, वुजू करून आली तरी आधी हात कोरडे पुसायची आणि मगच टाकीकडे जायची. "एक थेंब नको गोड्याचा," असं तिचं पालुपद. "मी बगीन. तुमी तुमचे लाल मासे सांबाळा." कमरुद्दीन म्हणायचा, बरं बाई. बायकोने दटावण्यातही एक सुख असतं, ते त्याला या वयात मिळत होतं.

पाऊस ओसरला आणि भादव्याचं ऊन पडलं. मागची खोली तापायला लागली, तेव्हा कमरुद्दीनने टाकीवर दोन पंखे बसवून दिले. पाणी गार राहिलं. सप्टेंबर संपता संपता एका गुरुवारी सफूरा टाकीपाशी नुसती उभी होती. तिच्या तळहातावर एक तुकडा होता, आणि त्याचं टोक मिठासारखं पांढरं पडलं होतं.

"असे धा-बारा गावले," ती म्हणाली. "गेल्या साली असंच सुरू झालेलं."

कमरुद्दीनने कपाटातून खारटपणा मोजायची काचेची नळी काढली आणि पाण्यात सोडली. नळी हवी त्यापेक्षा खूप वर तरंगली. पाणी खारट झालं होतं, समुद्राहून खारट. त्याने कोपऱ्यातले कॅन बघितले. चार रिकामे होते. त्याला एका क्षणात सगळं उमगलं. पंख्याने पाणी वाफ होऊन उडतं, पण मीठ उडत नाही. पाण्याची पातळी खाली गेली की तेवढं गोडं पाणी घालायचं, ही त्याच्या धंद्यातली पहिली इयत्ता. सफूरा दर्यावरची. दर्या कमी झाला तर ती दर्याच ओतत होती, रोज, मापाने, मनापासून. गोड्या पाण्याची जिने एवढी धास्ती घेतली, तिच्या हातून दुसरं काय होणार?

तो सांगणार होता. शब्द अगदी ओठावर आले होते. तेवढ्यात सफूरा म्हणाली, "हे बी यंदा पन मेलं तर मी कोंडबंदरला तोंड दाखवायला जायची नाय. हितंच ऱ्हाईन, घरात बसून."

कमरुद्दीनने नळी पुसली आणि कपाटात ठेवून दिली. "काय म्हनते नळी?" तिने विचारलं.

"ठीक हाय," तो म्हणाला.

एवढंच. माणूस वाईट वागतो तेव्हा त्याला फार काही करावं लागत नाही. कमरुद्दीनने तर काहीच केलं नाही. शुक्रवारी तो जुम्याच्या नमाजला गेला आणि सजद्यात असताना त्याला टाकी दिसत राहिली. शनिवारी सफूराने कोळंबीचं कालवण केलं आणि त्याला ते उतरेना. त्याने मनाशी खूप वकिली केली. मी काय विष घातलंय? रोप आहे, जगलं तर जगलं. आणि चोवीस वर्षं मी राबलो ते कशासाठी? घरात माणूस असावं म्हणूनच ना? एवढं मागितलं तर काय बिघडलं? वकिली बिनतोड होती, पण घास मात्र घशाखाली जात नव्हता. दोन्ही दिवस सफूरा पांढरी टोकं खुडत राहिली आणि पाण्याची पातळी कमी झाली की आपल्या हाताने कॅन ओतत राहिली. कमरुद्दीन पुढच्या दुकानात बसून ते ओतल्याचा आवाज ऐकत होता.

रविवारी दुपारी डबा आला, पण उघडला गेला नाही. सफूरा टाकीसमोर जमिनीवरच बसली. परातीत पांढऱ्या तुकड्यांचा ढीग होता, टाकीतलं जवळजवळ निम्मं. जास्मीनचा फोन वाजून वाजून थांबला.

"माझ्या हातालाच गुन नाय," सफूरा हळू आवाजात म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती, स्वतःच्या हाताकडे बघून बोलत होती. "चोवीस वर्सं घरात बसून वाट बगितली. आटला हात. आता ह्यात काय जगनार?"

कमरुद्दीनला हवी होती ती बायको ही नव्हती. त्याला चार महिने शेजारी बसून बडबडणारी, हुकूम सोडणारी, पुढच्या दहा वर्षांची सफूरा हवी होती. ही घरात बसलेली असती आणि तरी त्याला मिळाली नसती. तो उठला, पुढे गेला, सोनमाशांसाठी साठवलेल्या पाण्याची बादली उचलून आणली आणि तिच्यातला एक मग भरून टाकीवर धरला.

सफूराने झडप घालून त्याचं मनगट पकडलं. "गोडं हाय ते! मारताव काय रोपाला?"

"सोड, सफूरा. मीठ झालंय जास्त. दर्याचं पानी उडालं, मीठ खाली ऱ्हायलं, त्यावर तू परत मिठाचंच घातलंस. रोपाला आता गोडंच पायजे."

तिने मनगट सोडलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने कपाट उघडलं, नळी काढली, पाण्यात सोडली आणि कितीपर्यंत हवी आणि किती वर आहे ते बोटाने दाखवलं. सफूरा नळीकडे बघत राहिली. मग तिची बोटं सैल झाली. एकदम ओतलं असतं तर धक्क्यानेच सगळं मेलं असतं, म्हणून तासाला चार मग, असं दोन दिवस चाललं. दोघांनी आळीपाळीने पाणी घातलं. बुधवारी सफूराने एक तुकडा उचलून उजेडात धरला. कापलेल्या टोकाशी तांदळाएवढा नवा तपकिरी कोंब फुटला होता. ती रडली, आणि रडता रडता तिने जास्मीनला फोन लावला.

निम्मं बियाणं वाचलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कोंडबंदरचं पाणी पुरेसं खारं झाल्याचा निरोप आला आणि सकाळीच गणूचा टेम्पो दुकानासमोर लागला. पिंपं दोनच, पण आता दोन्ही अर्धीअर्धीच भरली होती. गणूने ती चढवली, दोराने आवळली. सफूराने बुरख्याचा बंद नीट केला, पिशवी खांद्याला लावली. कमरुद्दीन दुकानाच्या पायरीवर उभा होता. गेले पंधरा दिवस ती रोज त्याच्या नळीचं कौतुक करत होती. जास्मीनपासून मनिषापर्यंत सगळ्यांना फोनवर सांगून झालं होतं की यांच्यामुळे बी वाचलं. प्रत्येक कौतुक त्याला माशाच्या काट्यासारखं अडकत होतं.

"सफूरा," तो म्हणाला, "एक सांगायचं हाय. पानी खारट झाल्याचं मला रविवारी नाय कळलं. गुरुवारीच कळलेलं. नळीनं सांगितलेलं."

सफूरा टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबली. "तुमी ठीक हाय म्हनालात."

"हां."

"चार दिवस?"

"चार दिवस."

"कशापायी?"

कारण तिला कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तरी ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. कमरुद्दीनने खाली बघितलं. "मेलं असतं तर तू ऱ्हायली असतीस."

रस्त्यावरून रिक्षा गेली, शाळेची बस गेली. गणूने हॉर्न दिला. सफूराने त्याच्याकडे न बघताच हाताने थांब म्हणून खूण केली.

"तुमी पयल्यांदा कुवेतला निघालात," ती म्हणाली, "तवा मी नका जाऊ म्हटलं असतं, तर ऱ्हायला असतात?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. एका शब्दात ती निवली असती. पण एक खरं सांगून झालं होतं आणि दुसरं खोटं जिभेवर येईना.

"नसतो ऱ्हायलो."

"मला म्हाईत होतं," सफूरा म्हणाली. "म्हनून नाय म्हटलं."

तिने पिशवी खाली ठेवली. कमरुद्दीनला वाटलं, आता ही काही न बोलता बसून निघून जाईल, आणि पुढच्या मे महिन्यात पिंपं दुसऱ्याच कुणाच्या दारात उतरतील. सफूरा टेम्पोच्या मागे गेली आणि तिने गणूला हाक मारली.

"यातलं एक पिंप उतरव."

"अवो चाची, आता तर चढवलं!"

"उतरव म्हनते ना." मग ती कमरुद्दीनकडे वळली. "अर्धं हितं ऱ्हाईल. सगळं बी एका जागी ठेवून आमचे हात पोळलेत. तिकडं वादळ होवो, काय होवो, हितं अर्धं जितं पायजे."

"माझ्याकडं?" कमरुद्दीन म्हणाला. "हे ऐकल्यावर?"

"ऐकल्यावरच. नाय सांगितलं असतंत तर सगळं घेऊन निघालेच होते की."

गणूने कुरकुरत पिंप पायरीवर आणून ठेवलं. सफूराने झाकण उघडून आत बघितलं, बोटाने एक तुकडा दाबून बघितला, झाकण लावलं.

"कापायला मी येईन. पंधरा दिवसांनी. दोन दिवस."

दोन वर्षांतून दोन महिने देणाऱ्या माणसाने दोन दिवसांना थोडे म्हणू नये, एवढी अक्कल कमरुद्दीनला होती. त्याने मान हलवली. सफूरा टेम्पोत चढली, गणूच्या शेजारी बसली आणि खिडकीची काच खाली केली.

"पानी कमी झालं तर काय घालायचं?"

"गोडं."

"आनी पांढरं दिसलं तर मला कवा सांगायचं?"

"त्याच दिवशी," कमरुद्दीन म्हणाला.

टेम्पो कर्नाळ्याच्या रस्त्याला लागला. कमरुद्दीनने पिंपाला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि ते एकट्यानेच आत ओढत नेलं.